मोटरहोममागे गाडी ओढताना पूरक ब्रेक लावावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेली अनेक मराठी मंडळी मुले मोठी झाल्यावर किंवा निवृत्तीनंतर मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे फिरते घर, घेतात आणि मुक्कामाच्या गावी फिरायला सोयीची म्हणून एखादी छोटी गाडी त्याच्या मागे जोडून नेतात. चारही चाके रस्त्यावर ठेवून ओढल्या जाणाऱ्या या गाडीला तिकडे ‘टोड’ किंवा ‘डिंगी’ म्हणतात. टो बार (दोन्ही वाहने जोडणारा दांडा), दिव्यांची वायर, सुरक्षा-केबल यांवर खर्च झाल्यानंतर ब्रेकचा विषय निघतो, आणि नेमका तोच खर्च टाळावासा वाटतो. खालील उत्तरे त्या टप्प्यावर असलेल्या वाचकांसाठी आहेत. माझे मत आधीच सांगतो: पूरक ब्रेक लावावेत, आणि ते लावल्याशिवाय मागे गाडी जोडून महामार्गावर जाऊ नये. हे मत का बनले, ते पुढे येईलच.

पूरक ब्रेक म्हणजे नेमके काय?

मोटरहोमचा ब्रेक दाबला की केवळ मोटरहोमची चाके थांबू लागतात. मागच्या गाडीचे इंजिन बंद असते, तिच्या चालकाच्या जागेवर कोणी नसते आणि तिच्या ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवणारेही कोणी नसते. ही उणीव भरून काढणारी, म्हणजे पुढे ब्रेक लागला की मागच्या गाडीचे पेडलही योग्य तेवढ्या जोराने दाबणारी यंत्रणा म्हणजे पूरक ब्रेक. ही यंत्रणा गाडीला नवे ब्रेक बसवत नाही. गाडीचे मूळचेच ब्रेक ती कामाला लावते.

मोटरहोम वीस हजार पौंडांचे आहे. मागची चार हजार पौंडांची गाडी त्याला जाणवणार तरी किती?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यामागचा समज चुकीचा असला तरी स्वाभाविक आहे. सरळ रस्त्यावर, समान वेगाने जाताना मागची गाडी खरोखरच जाणवत नाही. आरशात किंवा मागच्या कॅमेऱ्यात पाहिले नाही तर ती आहे हेही विसरायला होते. मात्र तिचे वजन जाणवत नाही ते वाहून नेताना. थांबवताना हिशेब वेगळा होतो.

वीस हजार पौंडांचे मोटरहोम ताशी ६० मैल वेगावरून, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून २४० फुटांत थांबते असे धरू. आता त्याच ब्रेकवर चार हजार पौंडांची गाडी लादली, तर थांबवायचे वस्तुमान २० टक्क्यांनी वाढले. थांबवणारे बळ मात्र तेवढेच राहिले. त्यामुळे अंतरही २० टक्क्यांनी वाढून सुमारे २८८ फूट होते. ‘अठ्ठेचाळीस फूटच ना?’ असे कोणी म्हणेल. परंतु हाच हिशेब जरा वेगळा मांडून पाहावा. ज्या ठिकाणी एकटे मोटरहोम पूर्ण थांबले असते, त्याच ठिकाणी गाडी जोडलेल्या मोटरहोमचा वेग किती असेल? निम्म्याच्याही खाली असेल, पण शून्य नसेल. तो ताशी सुमारे २४ मैल, म्हणजे जवळजवळ ४० किलोमीटर असेल. पुढे थांबलेल्या वाहनावर चोवीस हजार पौंडांचे वजन ताशी २४ मैलांनी आदळणे ही किरकोळ धडक नव्हे, आणि मोटरहोममध्ये सर्वांत पुढे बसलेले असतात ते चालक आणि त्याच्या शेजारची व्यक्ती.

हे गणित मोटरहोमचे ब्रेक किती चांगले आहेत यावर अवलंबून नाही. ब्रेक कितीही ताकदीचे असले, तरी शेवटी टायर रस्त्याला जेवढे धरून राहतील तेवढेच बळ मिळते. मागच्या गाडीचे चार टायर रस्त्यावर असूनही, ब्रेकअभावी, त्यांची ती पकड वायाच जाते. पूरक ब्रेक लावल्यावर ही पकड उपयोगात येते आणि गाडी आपले वजन आपणच थांबवू लागते.

थांबण्याच्या अंतरापलीकडे आणखी एक गोष्ट आहे. बहुतेक मोटरहोमांचा मागचा भाग मागच्या चाकांच्याही पुष्कळ मागे, लांबवर आलेला असतो आणि टो बार त्याच्या टोकाला जोडलेला असतो. वळणावर जोरात ब्रेक लागला की ब्रेक नसलेली गाडी त्या टोकाला तिरका धक्का देते, आणि लांब तरफेच्या टोकाला दिलेला धक्का मोठे काम करतो. ओल्या रस्त्यावर त्याने मोटरहोमचा मागचा भाग बाजूला सरकू शकतो. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उतारावर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मागचे ब्रेकहीन वजन पुढच्या वाहनाला कसे ढकलते हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आमचे मोटरहोम डिझेलवर चालणारे असून त्याला एअर ब्रेक आहेत. तरीही गरज आहे का?

होय. एअर ब्रेक असलेली मोटरहोम मुळातच अधिक अवजड असतात, त्यामुळे त्यांच्या तुलनेत मागच्या गाडीचा वाटा कमी होतो हे खरे. तीस हजार पौंडांमागे चार हजार म्हणजे १३ टक्के. परंतु वाटा कमी होणे म्हणजे तो नाहीसा होणे नव्हे. शिवाय टो बार निखळला तर पुढच्या एअर ब्रेकचा मागच्या गाडीला काहीच उपयोग होत नाही, हा मुद्दा खाली स्वतंत्रपणे येतो.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण अमेरिकेत ब्रेकचे हे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागतात. टेक्साससारख्या राज्यात ही मर्यादा ४,५०० पौंड आहे. हे नियम प्रामुख्याने ट्रेलर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले आहेत आणि टो बारवर ओढलेली मोटारगाडी ‘ट्रेलर’ ठरते की नाही, यावर राज्याराज्यांत एकवाक्यता नाही. काही राज्ये वजनाऐवजी ठरावीक वेगावरून ठरावीक अंतरात संपूर्ण जोडणी थांबली पाहिजे, अशी अट घालतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मोटरहोममागची गाडी २,००० किलोपेक्षा हलकी आणि मोटरहोमच्या कमाल वजनमर्यादेच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर ब्रेकची सक्ती नाही. ब्रिटनमध्ये मात्र ए-फ्रेमवर, म्हणजे टो बारसारख्या जोडणीवर, ओढलेली गाडी ट्रेलर समजली जाते आणि ७५० किलोंवरील ट्रेलरला चालू ब्रेक असावेच लागतात. म्हणजे तेथे जवळजवळ प्रत्येक गाडीला ते लागतात.

एका राज्यातून निघून सहा राज्ये ओलांडणाऱ्या माणसाने प्रत्येक सीमेवर नियम पडताळत बसण्यापेक्षा सर्वांत कडक नियम पाळला जाईल अशी व्यवस्था करून निघावे, हे व्यवहाराचे झाले. परंतु माझ्या मते कायद्याचा प्रश्न येथे दुय्यम आहे. राज्याची सीमा ओलांडल्याने थांबण्याचे अंतर बदलत नाही.

मोटरहोमच्या निर्मात्यांचे म्हणणे काय आहे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि कायद्यापेक्षा याचे उत्तर अधिक स्पष्ट आहे. मोटरहोमच्या पाटीवर दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात. जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे सामान, पाणी, माणसे यांसह एकट्या मोटरहोमचे कमाल वजन. जीसीडब्ल्यूआर म्हणजे मागे जोडलेल्या गाडीसह संपूर्ण जोडणीचे कमाल वजन. पेट्रोलवर चालणाऱ्या असंख्य मोटरहोमांचा पाया असलेल्या चासी बनवणारी फोर्ड कंपनी आपल्या पुस्तिकेत सांगते की वाहनाचे ब्रेक पहिल्या मर्यादेसाठी ठरवलेले आहेत, दुसऱ्या मर्यादेसाठी नाहीत, आणि मागे ओढायचे वजन १,५०० पौंडांहून अधिक असेल तर त्याला स्वतंत्र, चालू स्थितीतली ब्रेकयंत्रणा आवश्यक आहे. स्मार्ट फोरटूसारखी इवलीशी गाडीसुद्धा सुमारे १,८०० पौंडांची असते; चार दरवाजांची जीप रँग्लर चार हजारांच्या पुढे जाते.

याच पाटीवरून आणखी एक गोष्ट कळते. फोर्डच्या एफ-५३ चासीच्या २६,००० पौंडी प्रकारात जोडणीची मर्यादा ३०,००० पौंड आहे. मोटरहोम काठोकाठ भरले असेल, तर मागे केवळ ४,००० पौंड ओढता येतात, मग हिचवर, म्हणजे टो बार अडकवण्याच्या जोडणीवर, ५,००० लिहिलेले का असेना. म्हणून निघण्यापूर्वी पाण्याची टाकी, गॅस, कपडे, भांडी, तांदूळ-डाळीचे डबे हे सारे भरून एखाद्या ट्रक स्टॉपवरच्या ‘कॅट’ या वजनकाट्यावर वजन करून घ्यावे. थोडे डॉलर लागतात आणि अंदाज संपतो.

डोंगराळ रस्त्यावरच्या लांब उतारांवर पूरक ब्रेकचा उपयोग होतो का?

होतो, परंतु जसा वाटतो तसा नाही, आणि येथे गैरसमज धोकादायक ठरतो.

ताशी ६० मैल वेगाने जाणाऱ्या कोणत्याही वाहनातली गतिज ऊर्जा, ते वाहन १२० फूट उंचीवरून खाली आल्यावर मुक्त होणाऱ्या ऊर्जेएवढी असते. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना महामार्ग काही मैलांत सुमारे दोन हजार फूट खाली येतो. याचा अर्थ त्या एका उतारात, ६० मैलांवरून सोळा वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता, मध्ये विश्रांती न घेता, कोठेतरी जिरवावी लागते. ती ब्रेकमध्ये जिरवायला गेलो तर ब्रेक तापतात, ब्रेक ऑइलला उकळी फुटू शकते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही.

म्हणून उतारावरचे मुख्य काम गिअरचे आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे आपल्याकडच्या घाटांतून गाडी चालवणारे चालक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, आणि कोलोरॅडोतही ते तितकेच खरे आहे. अनेक डिझेल मोटरहोमना एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून इंजिनाकडूनच वेग कमी करवणारी सोय, असतो; तो उतार सुरू होण्याआधी चालू करावा. वेग वाढलाच तर ब्रेक एकदा ठामपणे दाबून वेग पुरेसा खाली आणावा आणि पाय काढून घ्यावा. पेडलवर पाय सतत टेकवून ठेवू नये. पूरक ब्रेकने या प्रत्येक दाबण्याचा भार दोन वाहनांच्या ब्रेकमध्ये वाटला जातो, एवढेच त्याचे उतारावरचे काम आहे.

काही यंत्रणा केवळ वेग मंदावल्याचे ओळखून पेडल दाबतात. अशा यंत्रणेला एक्झॉस्ट ब्रेकने मंदावणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांतला फरक कळत नसेल, तर पूर्ण उतारभर मागच्या गाडीचे ब्रेक हलके लागलेले राहतात आणि तापतात. काही मोटरहोमांत एक्झॉस्ट ब्रेक चालू होताच मागचे लाल दिवेही लागतात, त्यामुळे दिव्याच्या संकेतावर चालणाऱ्या यंत्रणेचीही फसगत होऊ शकते. बसवणाऱ्याला ही गोष्ट नेमकेपणाने विचारून घ्यावी.

कोणत्या प्रकारच्या यंत्रणा मिळतात आणि आम्ही कोणती घ्यावी?

पहिला प्रकार उचलून ठेवण्याचा. ब्रेक बडी हे त्यातले जुने परिचित नाव. ही पेटी चालकाच्या आसनापुढे ठेवून तिचा दांडा ब्रेकच्या पेडलला पकडवायचा असतो. तिच्या आतला संवेदक मंदावण्याचा वेग ओळखतो आणि त्या प्रमाणात पेडल दाबतो. गाडी बदलली तरी पेटी तीच वापरता येते, हा मोठा फायदा. तोटा असा की प्रत्येक प्रवासाआधी ती बसवावी आणि उतरल्यावर काढावी लागते. आणि जे काम रोज करावे लागते ते एखाद्या पावसाळी सकाळी घाईत राहून जाते, हा मानवी स्वभाव आहे. आसन पुढेमागे झाले की दाबही बदलतो.

दुसरा प्रकार गाडीत कायमचा बसवण्याचा. रोडमास्टरची इन्व्हिजिब्रेक यंत्रणा आसनाखाली किंवा तशाच आडोशाला बसते. एअर ब्रेक असलेल्या मोटरहोमसाठी एअर फोर्स वनसारखी यंत्रणा पुढच्या हवेच्या दाबावरच मागचे ब्रेक चालवते, त्यामुळे पुढे जेवढा पाय दाबला जाईल त्याच प्रमाणात मागे ब्रेक लागतो. बसवण्याचा खर्च अधिक आणि गाडी विकली की तो पुन्हा करावा लागतो. मात्र प्रवासाच्या सकाळी केबल जोडली की काम संपते.

तिसरा प्रकार पूर्णपणे यांत्रिक आहे. रेडी ब्रूटसारख्या टो बारमध्येच अशी रचना असते की मागची गाडी पुढे ढकलू लागली की तो ढकलण्याचा जोरच एका पोलादी केबलने ब्रेकचे पेडल ओढतो. वीज नाही, पंप नाही, बिघडण्यासारखे फार थोडे. रचनेचा साधेपणा मला आवडतो. परंतु लांब उतारावर गाडी सतत थोडी ढकलत राहिली तर ब्रेक सतत थोडा लागून राहू शकतो, ही मर्यादा समजून घेऊन गिअरवर अधिक भर द्यावा लागतो.

वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांना पहिला प्रकार पुरतो. महिनोन्‌महिने रस्त्यावर राहणाऱ्यांनी दुसऱ्याचा खर्च करावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

पेटी बसवण्याआधी ब्रेकचे पेडल अनेकदा दाबायला का सांगतात?

कारण इंजिन बंद केल्यावरही पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरमध्ये काही निर्वात शिल्लक असतो आणि तो असेपर्यंत थोड्या जोरानेही ब्रेक फार कडक लागतो. पेडल कडक होईपर्यंत चारपाच वेळा दाबले की तो संपतो, मग पेटीने ठरवलेला जोर योग्य प्रमाणात लागू पडतो. हायब्रिड आणि विजेवरच्या काही गाड्यांत बंद अवस्थेतही ब्रेकला मदत मिळत राहते. त्यांच्यासाठी यंत्रणेत वेगळी जुळणी असते आणि ती जुळणी न करता निघाल्यास मागच्या गाडीची चाके जाम होऊन टायर रस्त्यावर घासत जाऊ शकतात.

ब्रेकअवे स्विच हा वेगळा प्रकार आहे का? सुरक्षा-केबल असताना तो कशाला?

वेगळा आहे, आणि माझ्या दृष्टीने तो नसेल तर यंत्रणा अपुरी आहे. टो बार, त्याची पिन किंवा गाडीच्या पुढे बसवलेली बेस प्लेट यांपैकी काही तुटले, तर सुरक्षा-केबल गाडीला पूर्ण सुटू देत नाहीत; परंतु त्या दोरासारख्या असतात, त्यांना ढकलणे थांबवता येत नाही. अशा वेळी मोटरहोम थांबले की गाडी येऊन मागे आदळते. ब्रेकअवे स्विचची पिन खेचली गेली की मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप पूर्ण लागतात.

त्याची बारीक केबल मोटरहोमच्याच भक्कम भागाला अडकवावी, टो बारला कधीही नाही, कारण टो बारच निखळला तर पिन खेचली जाणारच नाही. ही केबल सुरक्षा-केबलपेक्षा थोडी आखूड, पण वळणावर अकारण खेचली जाणार नाही इतकी सैल असावी, म्हणजे गाडी सुटताच ती खेचली जाईल. आणि सुरक्षा-केबल टो बारच्या खालून एकमेकींवर फुली करून जोडाव्यात.

मागच्या गाडीचे ब्रेक यामुळे लवकर झिजत नाहीत का?

योग्य जुळणी असेल तर झीज जाणवण्याइतकी होत नाही; प्रत्येक वेळी ते केवळ आपल्या गाडीचे वजन थांबवतात, जसे एरवी थांबवतात. चुकीच्या जुळणीने ब्रेक अडकून राहिले तर मात्र झीज हा सर्वांत लहान प्रश्न ठरतो, कारण मोटरहोमच्या इंजिनाला मागचा अडथळा फारसा जाणवत नाही आणि चालकाला कळेपर्यंत चाकातून धूर येऊ लागलेला असतो. म्हणून पुढच्या डॅशबोर्डवर, मागे ब्रेक लागला आहे की नाही हे दाखवणारा दिवा असलेली यंत्रणाच घ्यावी, आणि मागच्या चारही टायरांना हवेचा दाब व तापमान कळवणारे सेन्सर लावावेत. पाय पेडलवर नसताना तो दिवा लागून राहिला, तर पुढच्या सुरक्षित जागी थांबावे.

दिवसभर ओढून नेल्यावर गाडीची बॅटरी उतरते. उपाय काय?

मोटरहोमकडून मागच्या बॅटरीला थोडा विद्युतप्रवाह देणारी चार्जिंग वायर बसवून घ्यावी. बॅटरी उतरली तर विजेवर चालणारा पूरक ब्रेकही निकामी होतो आणि ब्रेकअवेही, हे लक्षात घेता हा खर्च ब्रेकच्याच खर्चाचा भाग समजावा.

आम्ही डॉली वापरतो. आम्हालाही हे लागू आहे का?

डॉली म्हणजे छोटी दोनचाकी ट्रॉली; तिच्यावर गाडीची पुढची चाके उचललेली असतात आणि डॉलीचे स्वतःचेही वजन जोडणीत भर घालते. त्यामुळे ब्रेक असलेलीच डॉली घ्यावी. ढकलण्याच्या जोरावर चालणारे हायड्रॉलिक आणि विजेवर चालणारे, असे दोन्ही प्रकार मिळतात. तेथे गाडीच्या आत वेगळी पेटी ठेवण्याची गरज नसते.

कोणतीही गाडी अशी ओढता येते का?

नाही. २०१४ पर्यंतची होंडा सीआर-व्ही चारही चाकांवर ओढता येई, २०१५ पासूनची येत नाही, कारण तिचा गिअरबॉक्स बदलला. त्या त्या वर्षाच्या मालकपुस्तिकेत काय लिहिले आहे, तेच प्रमाण मानावे.

विक्रेता म्हणतो, ‘लोक वर्षानुवर्षे ब्रेकशिवाय ओढतात, काही होत नाही.’

आम्हालाही पहिल्या वर्षी एका विक्रेत्याने हेच सांगितले होते आणि आम्ही ते मानले. कॅलिफोर्नियात ग्रेपव्हाइनच्या उतारावर पुढे अचानक वाहने थांबली, मी ब्रेक दाबला आणि पाठीमागून कोणीतरी संपूर्ण घराला हाताने ढकलते आहे असे वाटले. आम्ही थांबलो, पुढच्या ट्रकपासून फार थोड्या अंतरावर. त्या दिवशी गाडीत माझी आई होती. पुढच्या मुक्कामी आम्ही गाडी वेगळी केली, पत्नीने ती चालवत मागून आणली आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा जोडली नाही. ‘काही होत नाही’ असे म्हणणारे लोक खोटे बोलत नसतात. त्यांच्यावर तो एक प्रसंग अजून आलेला नसतो.

विम्यावर याचा परिणाम होतो का?

आपल्या कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. निर्मात्याची पुस्तिका स्वतंत्र ब्रेक आवश्यक म्हणते आणि ते आपण लावले नव्हते, ही गोष्ट अपघातानंतर समोरच्या पक्षाच्या वकिलाच्या हाती पडणे कोणालाच परवडणारे नाही.

भाड्याच्या मोटरहोममागे गाडी जोडता येईल का?

अनेक भाडेकंपन्या परवानगी देत नाहीत. करारात वाचल्याशिवाय टो बारचा विचारही करू नये.

यंत्रणा बसवल्यावर चाचणी कशी करावी?

मोकळ्या, सपाट वाहनतळावर ताशी २० ते २५ मैल वेगाने जाऊन ब्रेक दाबावा आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मागच्या गाडीची चाके पाहायला सांगावे. चाके जाम होत असतील तर दाब कमी करावा. पुढे बसलेल्याला मागून धक्का जाणवत असेल तर वाढवावा. मग ब्रेकअवेची पिन हाताने ओढून पाहावी, गाडीचे पेडल लगेच खाली गेले पाहिजे. पिन परत बसवायला विसरू नये. टो बार जवळजवळ आडवा आहे ना, दोन्ही टोकांच्या उंचीत साधारण चार इंचांहून अधिक फरक नाही ना, हेही पाहून घ्यावे, कारण तिरक्या बारवर जोरात ब्रेक लागल्यास गाडीचे नाक वर उचलले जाते किंवा खाली दबते. त्यानंतर महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे जाऊन थांबावे आणि मागच्या गाडीच्या चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावे. हात लावण्याआधीच धग जाणवली, तर कुठेतरी ब्रेक अडकला आहे. तेथूनच परत फिरावे, आणि परतीचा रस्ता गाडी सोडवून, वेगळी चालवत कापावा.